सत्तावीस नंबरचा शब्द

४ जानेवारी १९९९, सोमवार

ही डायरी चिकपेट बाजारातल्या भगवंतरावांच्या साडीच्या दुकानाची. नव्या वर्षाला ते गिऱ्हाइकांना कॅलेंडरं वाटतात, मला मात्र डायरी आणून दिली. सरकारी नोकराने व्यापाऱ्याकडून भेट घेऊ नये, म्हणून मी वीस रुपये पुढे केले. त्यांनी ते मुकाट्याने घेतले आणि पावती लिहून दिली. पावती याच पानाला टाचली आहे. उद्या कुणी विचारलं तर हाताशी असावी.

पहिल्या पानावर नावगाव लिहायची जागा छापली आहे, तर लिहून टाकते. सगुणाबाई, वय सत्तावन्न. कर कार्यालयात बावीस वर्षं खिडकी क्रमांक तीन, चौकशी. नवरा गेला तेव्हा मी एकतीस वर्षांची होते. घरात मराठी, ऑफिसात कन्नड, फायलीत इंग्रजी. लिहायची मराठी गंजू नये म्हणून ही डायरी.

आज भीमाचार्य साहेबांनी बोलावलं. एरवी ते मला बोलावतात ते पंखा बंद पडला तरच. म्हणाले, आता व्यापाऱ्यांना फाईल बघायला इथे यायला नको. कॉम्प्युटरला टेलिफोनची तार जोडायची, आपला नंबर आणि गुप्त शब्द द्यायचा, की फाईल समोर. चाचणीसाठी चिकपेटमधली आमच्या भावसार लोकांची चाळीस दुकानं निवडली आहेत. प्रत्येकाने आपली नोंद तपासून 'बरोबर आहे' असं स्वतः कळवायचं. एकतीस मार्चपर्यंत ज्याने कळवलं नाही, त्याचं नाव नोंदणीतून कमी. नोंदणी गेली की बिल फाडता येत नाही, म्हणजे दुकान बंदच.

आणि चाळीसच्या चाळीस दुकानदारांना जमलं, की खिडकी क्रमांक तीनही बंद. मला के. आर. पुरमच्या रेकॉर्ड रूममध्ये पाठवणार. तोवर या लोकांना शिकवायचं काम माझं. स्वतःची खिडकी स्वतःच्या हातांनी लावून घ्यायची, आणि त्याबद्दल साहेबांचे आभारही मानायचे. मानले.

६ जानेवारी, बुधवार

कॉम्प्युटरचं काम ज्या कंपनीला दिलंय तिचा माणूस आला. अजित नाव, पुण्याचा, सव्वीस-सत्तावीसचा असेल. मराठी ऐकून इतका खूष झाला की माझ्या डब्यातला निम्मा चित्रान्न, म्हणजे इथला लिंबूभात, त्यानेच संपवला. त्याने व्यापाऱ्यांना पाठवायच्या पत्राचा मसुदा दाखवला. साहेबांनी लिहिलेला. पहिलं वाक्य सात ओळींचं होतं आणि त्यात क्रियापद शेवटच्या ओळीत.

तेवढ्यात भगवंतराव खिडकीशी आले. ते दर बुधवारी येतात. कधी फॉर्म मागायला, कधी मुदत विचारायला, कधी मागच्या बुधवारी विचारलेलंच परत विचारायला. मी त्यांना पत्र वाचून दाखवलं. त्यांनी शांतपणे शेवटपर्यंत ऐकलं.

"बाई, हे पत्र कुणाला लिहिलंय?"

"तुम्हाला."

"मग ते माझ्याशी बोलत का नाही?"

अजित हसला, पण मला हसू आलं नाही. बावीस वर्षं मी खिडकीत बसून काय केलं, तर अशीच पत्रं लोकांना समजावून सांगितली. पत्र नीट असतं तर माझी गरजच नव्हती. अजित म्हणाला, "मॅडम, तुम्ही खिडकीत जसं सांगता तसंच लिहून काढा ना. साहेबांना मी कन्व्हिन्स करतो."

आजवर मला कुणी काही लिहायला सांगितलं नव्हतं. शिक्के मारायला सांगितले, पाकिटं चिकटवायला सांगितली. पोराने सहज म्हणून सांगितलं, त्याला कल्पनाही नसेल. मी त्याची आभारी आहे.

११ जानेवारी, सोमवार

पत्र झालं, कन्नडमध्ये. सुरुवात अशी: "हे पत्र दंडाचे नाही. घाबरू नका." पुढे पाच वाक्यं, एका वाक्यात एकच काम. शेवटी: "शब्द कोणालाही सांगू नका. मलाही नाही."

साहेब म्हणाले, यात सरकारचं वजन नाही. अजित म्हणाला, सर, वजनामुळेच लोक पाकीट उघडत नाहीत. हे मात्र अगदी खरं. चिकपेटच्या गल्लीत सरकारी पाकीट आलं की ते न उघडता देव्हाऱ्यात देवीपुढे ठेवतात. एकदा देवीच्या पायाशी गेलं की ते उघडायची घाई कुणालाच नसते. म्हणून 'हे पत्र दंडाचे नाही' हे मी पाकिटाच्या बाहेरच छापायला लावलं.

१४ जानेवारी, गुरुवार

संक्रांत. एळ्ळु-बेल्ल, म्हणजे इथला तिळगूळ, वाटायला चिकपेटला गेले होते. पत्रं पोचली होती. कस्तुराबाई, त्यांचं लेस-गोंड्यांचं दुकान आहे, पायरीवर बसून पत्र मोठ्याने वाचत होत्या आणि समोरचे दोघं ऐकत होते. वाचून झाल्यावर कुणीच मला विचारलं नाही की अक्का, याचा अर्थ काय.

बावीस वर्षांत प्रथमच कुणी विचारलं नाही. तिळगूळ तोंडात होता म्हणून बरं, नाहीतर रस्त्यात रडले असते.

२५ जानेवारी, सोमवार

घात झाला. गल्लीच्या कोपऱ्यावरच्या फोन बूथवाल्याने कॉम्प्युटर ठेवला आहे, ज्यांच्याकडे नाही ते तिथून फाईल बघतात. कस्तुराबाई सकाळी खिडकीशी आल्या, अगदी खुशीत.

"अक्का, माझी फाईल उघडली. पण त्यात माझं दुकान ब्लाऊजपीसचं लिहिलंय आणि मालक म्हणून बाप्या माणसाचं नाव आहे. स्वल्प दुरुस्त करा की."

त्यांचा नंबर चौदा. त्यांनी दाबला एकेचाळीस. नंबर एकपासून नाही, दोनपासून एकेचाळीसपर्यंत आहेत, कारण एक नंबर साहेबांनी स्वतःला ठेवला आहे. पण नंबर चुकला तरी शब्द चुकायला हवा होता, आणि तो चुकला नाही. मी त्यांना बाजूला घेऊन विचारलं, शब्द सांगू नका, पण तो सुचला कसा. म्हणाल्या, "नवीन कामाला देवीचं नाव घ्यायचं नाही तर कुणाचं?"

अजितने आमच्या देवीचं नाव, 'हिंगलाज', हा एकच शब्द घेऊन एकेक नंबर उघडून पाहिला. चाळीसपैकी सव्वीस फायली उघडल्या. तो पांढराफटक पडला. म्हणाला, "मॅडम, असा सिक्युरिटी प्रॉब्लेम मी कुठल्या पुस्तकात वाचला नव्हता."

चूक त्याची नाही, माझी. पत्रात मी लिहिलं, 'लक्षात राहील असा शब्द निवडा.' आमच्या लोकांच्या काय लक्षात राहणार हे मला ठाऊक नको? मी स्वतः दुधाच्या वहीवरही आधी देवीचं नाव लिहिते. साहेब चाचणी बंद करायला निघाले होते. मी एक आठवडा मागून घेतला. जन्मात पहिल्यांदा साहेबांशी उभ्याने वाद घातला.

२७ जानेवारी, बुधवार

अजितला घेऊन दुकानोदुकानी गेले. सगळ्यांना एकच सांगितलं: देवीचं नाव पूजेला ठेवा. ती सगळ्यांची आहे, म्हणून तिच्या नावाचं कुलूप सगळ्यांनाच उघडतं. कुलपाला असं काही घ्या जे फक्त तुम्हाला ठाऊक आहे, जे तुम्ही कधी कुणाला बोललेला नाहीत. चौदा जणांनी देवीचं नाव घेतलं नव्हतं. त्यांत भगवंतराव होते. त्यांचा नंबर सत्तावीस. म्हणाले, "माझा शब्द पहिल्यापासून तसलाच आहे, बाई."

त्यांची सून रक्षिता गल्ल्यावर बसली होती, ती का कोण जाणे खाली मान घालून बिलं लावायला लागली.

साहेबांनी नवा नियम केला. शब्द विसरला किंवा बदलायचा असेल, तर व्यापाऱ्याने स्वतः खिडकीवर यायचं. माझ्या समोरच्या कॉम्प्युटरवर नवा शब्द स्वतः टाकायचा, तेव्हा मी भिंतीकडे तोंड करायचं. शब्दाची चिठ्ठी पाकिटात घालून, लाखेने बंद करून, वर सही करून माझ्या कपाटात. चाचणी संपली की पाकिटं न उघडता जाळायची.

३ फेब्रुवारी, बुधवार

सव्वीसच्या सव्वीस जण येऊन शब्द बदलून गेले. आता अजितने 'हिंगलाज' टाकून पाहिलं तर एकही फाईल उघडली नाही. देवीची क्षमा मागितली आणि चाचणी वाचली म्हणून तिचे आभारही मानले.

शेवटी भगवंतराव आले.

"शब्द विसरलो, बाई."

"आठवड्यापूर्वी तर चांगला लक्षात होता की."

"तेव्हा होता."

नियमाप्रमाणे मी भिंतीकडे वळले. शब्द टाकायला त्यांना इतका वेळ लागला की भिंतीवरचं सगळं कॅलेंडर वाचून झालं.

१७ फेब्रुवारी, बुधवार

बत्तीस जणांनी 'बरोबर आहे' कळवलं. भगवंतराव पुन्हा विसरले. तिसरी वेळ. मी जरा तोडूनच बोलले की साड्यांच्या चारशे डिझाइनचे नंबर पाठ आहेत तुम्हाला, आणि एक शब्द राहत नाही? ते म्हणाले, "सरी, बरं, पुढच्या बुधवारी परीक्षा घ्या."

या माणसाचं एक खटकतं. सगळी गल्ली मला अक्का म्हणते. कस्तुराबाई माझ्याहून चार वर्षांनी मोठ्या, त्याही म्हणतात. हे एकटे 'बाई' म्हणतात, इतक्या वर्षांची ओळख असून. आपलेपणा म्हणून नाही. त्यांची बायको होती तेव्हा तीसुद्धा अक्काच म्हणायची. भली बाई होती. तिला जाऊन सहा वर्षं झाली.

३ मार्च, बुधवार

सदतीस झाले. कस्तुराबाईंनी परवा बूथवर स्वतः कळवलं, कुणाची मदत न घेता. मी कौतुक केलं तर म्हणाल्या, "भगवंतण्णांनी शिकवलं हो. दुकानात कॉम्प्युटरवर करून दाखवलं सगळं, दोन मिनिटांत." ऐकावं ते नवलच. ज्याला स्वतःला येत नाही तो दुसऱ्याला काय शिकवणार? शिकवलं असेल सुनेने, आणि नाव यांचं झालं असेल.

आज साहेबांनी सांगितलं की माझं पत्र आता बाकीच्या ऑफिसांतही जाणार आहे, थोडे फेरफार करून. खाली सही साहेबांचीच. असू दे. शब्द माझे आहेत. त्यातलं एकेक वाक्य मी भगवंतरावांना वाचून दाखवलं होतं, कारण ते दर बुधवारी म्हणायचे की अजून नीट कळलं नाही. मग मी ते माझ्या प्रतीत आणखी सोपं करायचे; आता जाणार ती तीच प्रत. 'ओके दाबा'चं 'उजवीकडची मोठी कळ दाबा' झालं ते त्यांच्यामुळे. त्यांना काही कळत नव्हतं म्हणून मला लिहिता आलं. हे त्यांना सांगायला हवं, पण अपमान वाटेल.

१८ मार्च, गुरुवार

युगादी. एकोणचाळीस झाले. उरला नंबर सत्तावीस.

सकाळी कडुनिंब-गूळ खाताना भावजय म्हणाली, आता एकच उरलाय तर त्याची कळ तुम्हीच दाबून टाका. मला भयंकर राग आला. मला त्यांचा शब्द ठाऊक नाही, आणि असता तरी दाबला नसता. ज्याचं त्याने करायचं, हेच तर तीन महिने सांगतेय.

२४ मार्च, बुधवार

भगवंतराव पुन्हा विसरले. सातवी वेळ. या वेळी मी रागावले नाही, मला भीती वाटली. आमच्या मामांचं असंच झालं होतं. आधी शब्द गेले, मग माणसं. मी म्हणाले, "एकदा डॉक्टरला दाखवा."

"दाखवलं. तो म्हणतो, प्रकृती उत्तम आहे."

"डोक्याचं विचारलंत का?"

"ते विचारलं नाही. ते ठीक आहे असं तोही म्हणणार नाही." आणि मग, "के. आर. पुरम फार लांब आहे का हो, बाई?"

मी म्हणाले, माझी बदली सोडा, तुमच्या हातात सातच दिवस आहेत. एकतीस तारखेला नाव कमी झालं की वडिलांपासूनचं दुकान बंद होईल. त्यांनी खुर्ची कॉम्प्युटरपुढे ओढली. मी भिंतीकडे तोंड केलं. आज कॅलेंडरचं एक अक्षर दिसत नव्हतं.

३० मार्च, मंगळवार

दुपारी अजित कागदांचा गठ्ठा घेऊन आला. साहेबांच्या अहवालासाठी त्याने कॉम्प्युटरमधली सगळी नोंद छापली होती: कोणी, कधी, कुठून फाईल उघडली, किती वेळा शब्द चुकला. आजवर माझ्याकडे फक्त 'बरोबर आहे' कळवणाऱ्यांची यादी येत होती.

"मावशी," तो हल्ली मला मावशी म्हणतो, "हे सत्तावीस नंबर बघा. वीअर्ड आहे."

मी चष्मा लावून ओळ न् ओळ पाहिली. अठरा जानेवारीपासून रविवार सोडून रोज संध्याकाळी सहाच्या सुमाराला दुकानातून फाईल उघडली आहे. बुधवारी खिडकीत शब्द विसरला, आणि त्याच संध्याकाळी दुकानातून बरोबर टाकला. चुकलेल्या शब्दांच्या खान्यात बाकी सगळ्यांचे आकडे होते. कस्तुराबाईंचे तर एकोणीस. सत्तावीस नंबरपुढे शून्य. फक्त ती एक मोठी कळ कधी दाबलेली नव्हती.

मी गठ्ठा खाली ठेवला. पाणी प्यायले. अर्ध्या दिवसाची रजा लिहिली आणि चिकपेटला गेले.

दुकानात गर्दी होती. भगवंतराव कॉम्प्युटरपुढे बसून एका बाईला जरीचा नंबर शोधून देत होते, दहा बोटांनी. मला बघून बोटं थांबली. रक्षिताने न सांगता गिऱ्हाइकांना आतल्या बाजूला नेलं.

"तुम्ही काही विसरला नव्हता," मी म्हणाले.

"नाही."

"एकदाही नाही."

"नाही, बाई."

"मग कळ का दाबत नाही? उद्या तुमचं नाव जाईल."

त्यांनी समोरच्या साडीची घडी करून ती बाजूला ठेवली. "चाळिसावा झाला की खिडकी बंद, असं तुम्हीच सांगितलंत की. म्हणून चाळिसावा होऊ दिला नाही."

असला कारभार. साठी उलटलेला माणूस, घरात सून, मुलगा, आणि माझ्या खिडकीसाठी दुकान पणाला लावून बसलाय. मला राग आला होता, आणि त्याच वेळी आतून भरूनही आलं होतं. पण बावीस वर्षं नियम समजावून सांगितलेत, तोंडात तेच आलं.

"नियम नीट वाचला नाहीत तुम्ही. उद्या तुमचं नाव कमी झालं, की यादीत एकोणचाळीसच उरतात. एकोणचाळीसच्या एकोणचाळीस पुरे. खिडकी तशीही बंद. तुमचं दुकान तेवढं फुकट जाईल."

त्यांनी मान वर केली. इतकी वर्षं मला जे वाटत होतं की यांना काही कळत नाही, ते आज पहिल्यांदा खरं दिसलं. हे त्यांच्या खरंच लक्षात आलं नव्हतं.

"हे पत्रात लिहिलं नव्हतं," ते म्हणाले.

"चुकलं माझं," मी म्हणाले.

३१ मार्च, बुधवार

खिडकीचा शेवटचा दिवस. चार वाजून दहा मिनिटांनी भगवंतराव आले. इस्त्रीचा सदरा, डोक्याला टोपी. म्हणाले, दुकानातून दाबता आली असती, पण बुधवार आहे.

ते कॉम्प्युटरपुढे बसले. मी भिंतीकडे तोंड केलं.

"आज भिंतीकडे नको," ते म्हणाले. "बघितलंत तरी चालेल मला."

मला बघायचं होतं. हे इथे लिहिते, कारण इथे खोटं लिहायचं नाही असं ठरवलंय. पण 'मलाही नाही' हे वाक्य मीच लिहिलं होतं, आणि चाळीस दुकानांनी माझ्या शब्दावर विश्वास ठेवला. मी भिंतीकडेच तोंड ठेवलं. या वेळी त्यांना वेळ लागला नाही. सहा-सात कळांचा आवाज आला, मग थोडा थांबून एका मोठ्या कळीचा.

अजित आतून म्हणाला, "चाळीस."

साहेबांनी पेढे मागवले होते. पाच वाजता मागच्या आवारात आम्ही पाकिटं जाळली. सव्वीस पाकिटं देवीला सोडून आलेल्यांची, दोन-चार खरोखर विसरलेल्यांची, आणि सात सत्तावीस नंबरची. सातही मी हातात घेतली. त्यांच्या सहीवरून बोट फिरवलं. लाख शाबूत होती. सातांतही एकच शब्द असणार, आणि ते कुणाचं नाव असेल हे आता मला कळत नाही अशातला भाग नाही. पण कळणं वेगळं आणि उघडणं वेगळं. एकेक करून विस्तवात टाकली.

बाहेर आले तर ते फाटकाशी उभे होते. मी त्यांचे आभार मानले, चांगले तोंडभर मानले. म्हणाले, तुम्हाला कळत नाही असं तुम्ही म्हणत राहिलात म्हणून मी लिहायला शिकले. ते म्हणाले, "ते खोटं नव्हतं सगळं. पहिलं पत्र खरंच कळलं नव्हतं." मग जरा घुटमळून म्हणाले, "के. आर. पुरमला खिडकी आहे का?"

"नाही. रेकॉर्ड रूमला खिडकी नसते."

मी पिशवीतून कोरा कागद काढला आणि फाटकाच्या खांबावर धरून लिहिलं. माझ्या पद्धतीने, एका वाक्यात एकच काम. त्याची नक्कल इथे उतरवून ठेवते, कारण असं पत्र मी आयुष्यात पहिल्यांदा लिहिलं:

"हे पत्र दंडाचे नाही. घाबरू नका. बुधवारी बारा वाजता सिटी स्टेशनहून गाडीत बसा. के. आर. पुरमला उतरा. पुलापलीकडे पिवळी इमारत आहे. मागच्या दाराशी थांबा. एक ते दोन मला जेवणाची सुट्टी असते. मी डबा दोघांचा आणीन. शब्द विसरलात तर या. नाही विसरलात तरी या."

त्यांनी कागद दोनदा वाचला. मी विचारलं, कळलं ना सगळं?

"नाही," ते म्हणाले. "पण बुधवारी येऊन विचारतो."